तंबोऱ्यापासून प्रकाशापर्यंत

पदवीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास जे विषय शिकावे लागतात, त्यांत दोलन, तरंग व प्रकाश या अभ्यासक्रमाचे स्थान काहीसे वेगळे आहे. यांत्रिकीत पडणारे दगड व घसरणारे ठोकळे असतात, विद्युत्शास्त्रात न दिसणारे प्रभार असतात. या अभ्यासक्रमात मात्र झोपाळा, तार, ढोल, पाणी, आरसा व इंद्रधनुष्य असे सर्वांच्या परिचयाचे विषय येतात. आणि तरीही विद्यार्थ्यांचा गोंधळ येथेच अधिक होतो, असा अध्यापकांचा नेहमीचा अनुभव आहे. समीकरण सुटते, उत्तर बरोबर येते, परंतु "यात हलले काय आणि पुढे गेले काय?" असा साधा प्रश्न विचारला की विद्यार्थी अडखळतो. हा गोंधळ जितका गणिताचा आहे तितकाच भाषेचाही आहे, असे आमचे मत आहे. म्हणूनच साहित्यविषयक नियतकालिकात हा विषय मांडणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

इंदूरच्या संदर्भात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. या नगरीत १८९१ साली होळकर महाविद्यालय स्थापन झाले व तेव्हापासून येथे उच्च शिक्षणाची परंपरा अखंड चालू आहे. १९१७, १९३५ व २००१ या वर्षी येथे मराठी साहित्य संमेलने भरली. मराठी बोलणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. परंतु येथील मराठी मुलगा वा मुलगी घरी मराठी, शाळेत व बाजारात हिंदी, आणि महाविद्यालयात बव्हंशी इंग्रजी अशा तीन भाषांत वावरते. विज्ञानाचा मुख्य विचार तिसऱ्या भाषेत कानी पडतो आणि अनुभव पहिल्या भाषेत साठलेला असतो. या दोहोंची गाठ घालून देणारा कोणी भेटला नाही, तर अभ्यासक्रम पाठ होतो, कळत नाही. ती गाठ कशी घालता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे. व त्यासाठी उदाहरणेही शक्यतो याच भूमीतील घ्यावयाची आहेत.

दोलन

प्रारंभ झोपाळ्यापासून करू. स्थिर लोंबणाऱ्या झोपाळ्यास एका बाजूस ओढून सोडले, तर तो मधल्या जागी परत येतो. पण तेथे थांबत नाही, दुसऱ्या बाजूस जातो. या एका निरीक्षणात दोलनाचे सर्व शास्त्र बीजरूपाने आहे. परत आणणारे बल आणि मधल्या जागी थांबू न देणारे जडत्व, या दोहोंच्या ओढाताणीतून दोलन निर्माण होते. परत आणणारे बल विस्थापनाच्या प्रमाणात वाढत असेल, म्हणजे दुप्पट दूर नेल्यास दुप्पट जोराने ओढत असेल, तर त्या गतीस सरल आवर्त गती म्हणतात. तिचा विशेष असा, की दोलन लहान असो वा मोठे, एका फेरीस लागणारा काळ तोच राहतो. मोठ्या दोलनात अंतर अधिक असते, पण ओढही त्याच प्रमाणात अधिक असते, म्हणून वेगही वाढतो आणि हिशेब बरोबर जुळतो.

लंबकाचा आवर्तकाल त्याच्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. एक मीटर लांबीच्या लंबकाची पूर्ण फेरी सुमारे २ सेकंदांत होते. ती ४ सेकंदांत व्हावयाची असेल, तर लांबी दुप्पट नव्हे, चौपट करावी लागते. घरातील झोपाळ्याच्या कड्या अडीच मीटर लांब असतील, तर त्याची फेरी सुमारे ३.२ सेकंदांची होईल. त्यावर एक नात बसो वा आजी आणि नात दोघी बसोत, या काळात फारसा फरक पडणार नाही. गुरुत्वाची ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि जडत्वही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून वजन हिशेबातून निघून जाते. वर्गात हे सूत्राने सिद्ध करतात. घरी ते घड्याळ लावून पाहता येते. सरल आवर्त गती हे मात्र लंबकाचे आदर्श रूप होय, हे सांगण्यास विसरू नये. झोका तीस अंशांपर्यंत नेला, तर आवर्तकाल सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. नियम कोठपर्यंत लागू आहे हे सांगणे, हा नियम शिकविण्याचाच भाग आहे.

झोपाळा आपोआप हळूहळू थांबतो, त्यास अवमंदन म्हणतात. त्यास ठरावीक वेळी बोटाने जरी ढकलीत राहिले तरी झोका वाढत जातो, पण अवेळी ढकलल्यास जोर लावूनही तो वाढत नाही. बाहेरील प्रेरकाचा ताल वस्तूच्या स्वतःच्या तालाशी जुळला म्हणजे थोड्या श्रमात मोठे दोलन होते, या घटनेस अनुस्पंदन किंवा अनुनाद म्हणतात. लहान मूल हे ज्ञान हातापायांनी मिळविते. महाविद्यालयाने त्यास नाव व माप द्यावयाचे असते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. दोन सारखे झोपाळे एकाच आवर्तकालाने हलत असतील, पण एक पुढे असताना दुसरा मागे असेल, तर त्यांच्यात भेद कशाचा? काळाचा नव्हे, विस्ताराचा नव्हे; फेरीतील कोणत्या टप्प्यावर कोण आहे याचा. या टप्प्यास मराठी विश्वकोशात 'कला' हा शब्द योजिला आहे. साहित्याच्या वाचकास तो प्रथम चमत्कारिक वाटेल. पण 'चंद्राची कला' हा प्रयोग ध्यानी घेतला की त्याचे औचित्य पटते. चंद्र तोच, मास तोच. आज तो फेरीच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते कला सांगते. प्रकाशशास्त्राचा पुढील सारा डोलारा या एका कल्पनेवर उभा आहे. ज्या विद्यार्थ्यास झोपाळ्यात कला दिसली नाही, त्यास ती पुढे किरणांत दिसणे कठीण.

तरंग

अनेक दोलक एकमेकांस जोडले व एकास हलविले, तर त्याचे हलणे शेजाऱ्याकडे, शेजाऱ्याचे त्याच्या शेजाऱ्याकडे असे पुढे सरकते. यास तरंग म्हणतात. महेश्वराच्या घाटावरून नर्मदेच्या एखाद्या संथ डोहात खडा टाकावा आणि पाण्यावर पडलेले पान पाहावे. वर्तुळे बाहेर धावत जातात. पान मात्र जागच्या जागी वरखाली होते, किनाऱ्याकडे वाहून जात नाही. पुढे गेली ती ऊर्जा व आकृती. पाणी तेथेच राहिले.

मराठीत या घटनेसाठी 'लाट', 'लहर' व 'तरंग' असे तीन शब्द सहज उपलब्ध आहेत, आणि शास्त्राने त्यांतून 'तरंग' निवडला. ही निवड केवळ संस्कृताच्या ओढीने झाली असे समजणे योग्य नाही. 'लाट' म्हटले की किनाऱ्यावर येऊन आदळणारे पाणी डोळ्यांपुढे येते; आणि किनाऱ्याशी फुटताना पाणी खरोखरच पुढे येते. 'थंडीची लाट' किंवा 'उष्णतेची लाट' या प्रयोगांत तर हवेचा एक मोठा साठाच एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातो. म्हणजे 'लाट' शब्दात द्रव्याचे वहन गृहीत आहे, व शास्त्रीय कल्पनेत नेमके तेच नाही. 'लहर' शब्दास मनाच्या लहरीचा रंग चढला आहे, आणि शास्त्रीय तरंग तर काटेकोर नियमाने चालतो. 'तरंग' हा पृष्ठावरचा हलका उठाव सुचवितो, म्हणून तो अधिक निर्दोष आहे. हा विवेक विद्यार्थ्यापुढे मांडला, तर "काय हलले आणि काय पुढे गेले" या प्रश्नाचे अर्धे उत्तर शब्दानेच दिल्यासारखे होते.

'आंदोलन' या शब्दाची कथा याच्या उलट आहे. संगीतशास्त्राच्या आपल्या ग्रंथांत स्वराची उंची 'आंदोलनसंख्ये'ने सांगण्याचा प्रघात होता. मध्य षड्जाची २४० आंदोलने धरली, तर पंचमाची ३६० होतात, अशा रीतीने स्वरांचे हिशेब मांडलेले आढळतात. आज 'आंदोलन' म्हटले की मोर्चा व घोषणा आठवतात, म्हणून पदार्थविज्ञानात 'दोलन' व 'कंपन' हे शब्द, आणि दर सेकंदाच्या कंपनांसाठी 'कंप्रता' वा 'वारंवारता' हे शब्द रूढ झाले. तथापि गायकास 'आंदोलित गांधार' म्हणजे काय ते कळते. ज्या घरात संगीत आहे, त्या घरातील विद्यार्थ्यास हा जुना शब्द आजही वाट दाखवू शकतो.

तंबोऱ्याची तार

इंदूर ही गानविद्येची नगरी. उस्ताद अमीर खाँ यांच्या नावाने 'इंदूर घराणे' ओळखले जाते. त्या अतिविलंबित गायकीस आधार असतो तो तंबोऱ्याचा. आणि तरंगांचे शास्त्र शिकविण्यास तंबोऱ्याइतके पूर्ण साधन प्रयोगशाळेतही क्वचित सापडेल.

दोन्ही टोकांस बांधलेली तार छेडली असता तिच्यावर दोन दिशांनी धावणारे तरंग एकमेकांत मिसळतात व स्थिर तरंग निर्माण होतात. काही बिंदू अजिबात हलत नाहीत, त्यांस निस्पंद म्हणतात. काही सर्वाधिक हलतात, ते प्रस्पंद. टोके हलू शकत नाहीत, या एका अटीमुळे तारेवर अर्ध्या तरंगलांबीचे पूर्ण पटच बसू शकतात: एक, दोन, तीन, चार. म्हणून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर मूळ स्वराबरोबरच निघतात. जोडीच्या तारा १४० कंप्रतेच्या षड्जात लावल्या आहेत व तारेची कंप पावणारी लांबी ९० सेंटिमीटर आहे, असे समजू. मूळ स्वराची तरंगलांबी १.८ मीटर होईल आणि तारेवरील तरंगाचा वेग सेकंदास २५२ मीटर ठरेल. तोच स्वर हवेत आला की वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर होतो व तरंगलांबी सुमारे २.४५ मीटर होते. माध्यम बदलले की वेग व तरंगलांबी बदलते, कंप्रता बदलत नाही. कारण तार जितक्या वेळा ढकलील तितक्याच वेळा हवा हलणार. हे एक वाक्य विद्यार्थ्याने तंबोऱ्यावर समजून घेतले, तर पुढे प्रकाश हवेतून काचेत शिरताना काय होते ते त्यास निराळे शिकवावे लागत नाही.

आता तंबोरा मिळविण्याची क्रिया पाहू. मंद्र पंचमाची कंप्रता षड्जाच्या तीनचतुर्थांश, म्हणजे १०५ असावयास हवी. षड्जाचा तिसरा उपस्वर ४२० आणि पंचमाचा चौथा उपस्वरही ४२०. दोन्ही एकत्र मिसळून शांत ऐकू येतात. पंचमाची तार किंचित उतरून १०४.५ झाली, तर तिचा चौथा उपस्वर ४१८ होतो, आणि ४२० व ४१८ यांच्या मिसळण्याने सेकंदास दोन वेळा आवाज फुगतो व ओसरतो. यांस विस्पंद म्हणतात. गायक मणी सरकवितो, कान देतो, आणि ही वळवळ मंदावत मंदावत नाहीशी झाली म्हणजे "तार मिळाली" असे म्हणतो. दोन तरंग कधी एकाच कलेत येऊन परस्परांस वाढवितात, कधी विरुद्ध कलेत येऊन परस्परांस मारतात, हे तत्त्व तो प्रत्येक मैफलीपूर्वी वापरीत असतो. पुस्तकात यासच अध्यारोपणाचे तत्त्व म्हटले आहे.

याच वाद्याने चंद्रशेखर वेंकट रामन यांचे लक्ष वेधून घेतले होते. १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. टॉमस यंग यांचा नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडली असेल, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद असेल तो उपस्वर निघणार नाही. तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा असे सम उपस्वर गप्प राहावयास हवेत. वीणा व तंबोरा यांत मात्र हे उपस्वर ठळकपणे ऐकू येतात, असे रामन यांनी दाखवून दिले. याचे कारण घोडीत आहे. पाश्चात्त्य वाद्यात तार घोडीच्या धारेवर टेकते. तंबोऱ्यात घोडीचा माथा रुंद व किंचित बाकदार असतो, आणि तार कंप पावताना त्यावर टेकते व उचलली जाते. जवारीचा बारीक दोरा हे टेकणे नेमके साधून देतो. म्हणजे टोक पूर्णपणे स्थिर असल्याची जी अट नियमात गृहीत धरली होती, तीच येथे पाळली जात नाही. मिरजेच्या कारागिराने जवारी काढताना हातांनी जे साधले, ते नियमाच्या विरुद्ध नव्हते. नियमाच्या मर्यादेबाहेरचे होते. विद्यार्थ्यास शिकविण्याजोगी ही मोठीच गोष्ट आहे. नियम व अनुभव यांत विरोध दिसला, तर प्रथम नियमाच्या अटी तपासाव्यात.

पखवाज

होळकरांच्या आश्रयाने इंदुरात राहिलेले एकोणिसाव्या शतकातील पखवाजवादक नानासाहेब पानसे यांचे नाव मराठी संगीतप्रेमींस अपरिचित नाही. पखवाजाचे एक घराणेच त्यांच्या नावाने चालते. या वाद्यातही पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडा आहे.

तारेचे उपस्वर पूर्णांकी पटीत असतात, म्हणून ती सुरेल. वर्तुळाकार ताणलेल्या साध्या कातड्याचे तसे नाही. त्याच्या कंपनांच्या कंप्रता मूळ कंप्रतेच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा ओबडधोबड पटीत येतात. म्हणून साध्या ढोलास नाद असतो, स्पष्ट स्वर नसतो. पखवाज व तबला यांच्या पुडीवर मध्यभागी शाईचा जाड लेप थरावर थर देऊन चढविलेला असतो. या लेपाने मधला भाग जड होतो व निरनिराळ्या कंपनांच्या कंप्रता निरनिराळ्या प्रमाणात खाली सरकतात. आणि लेप योग्य असेल, तर त्या एक, दोन, तीन, चार, पाच अशा जवळजवळ पूर्णांकी पटीत येऊन बसतात. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासमवेत १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात ही गोष्ट मांडली आणि १९३४ साली तिचे सविस्तर विवेचन केले. पुडीवर बारीक वाळू पसरून तिच्या आकृत्यांवरून त्यांनी कंपनांचे प्रकार ओळखले. नऊ प्रकारची कंपने पाच उपस्वरांत कशी एकत्र येतात, ते दाखविले. शाईचा हा लेप देण्याची युक्ती ज्या अनामिक कारागिरांनी शोधली, त्यांच्यापाशी समीकरण नव्हते, कान होता. त्या कानाचा अर्थ लावावयास समीकरण लागले. दोन्हीही ज्ञानेच होत, आणि एकाने दुसऱ्यास कमी लेखण्याचे कारण नाही.

प्रकाश

ध्वनीपर्यंत विद्यार्थी सुखाने येतो. प्रकाशाशी येऊन थबकतो. कारण ध्वनीत हलणारी हवा कल्पिता येते, प्रकाशात हलणारे काही दिसत नाही. इतिहासातही असेच घडले. ह्यूगेन्स यांनी १६९० साली प्रकाश तरंगरूप असल्याचे प्रतिपादन प्रसिद्ध केले. न्यूटन यांचा १७०४ सालचा ग्रंथ कणांच्या बाजूस झुकला. न्यूटन यांच्या पक्षाचा एक आक्षेप अगदी व्यवहारातील होता: ध्वनी दाराआडून वळून येतो, प्रकाश वळत नाही, मग तो तरंग कसा?

याचे उत्तर तरंगलांबीत आहे. तरंग किती वळतो, हे त्याच्या तरंगलांबीची अडथळ्याशी किंवा फटीशी तुलना करून ठरते. षड्जाची तरंगलांबी हवेत अडीच मीटरांच्या आसपास, दाराची रुंदी एक मीटर. म्हणून तंबोरा शेजारच्या खोलीत ऐकू येतो. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी. तिच्या मानाने दार म्हणजे अफाट मैदान, म्हणून तंबोरा शेजारच्या खोलीतून दिसत नाही. फट केसाएवढी बारीक केली, की प्रकाशही वळतो. या वळण्यास विवर्तन म्हणतात.

टॉमस यंग यांनी १८०१ ते १८०३ च्या सुमारास प्रकाशाचे दोन भाग करून ते पुन्हा एकत्र आणले व प्रकाशित आणि काळे असे पट्टे दाखविले. प्रकाशात प्रकाश मिळवून अंधार होऊ शकतो, हे कणांच्या कल्पनेत बसत नव्हते. दोन तरंग विरुद्ध कलेत आले असे मानताच सहज बसले. यास व्यतिकरण म्हणतात, आणि तंबोऱ्यावरील विस्पंदांचे ते सख्खे भावंड आहे: विस्पंदात आवाज काळात वाढतो-ओसरतो, व्यतिकरणात प्रकाश जागेत वाढतो-ओसरतो. आज लाल लेसरचा प्रकाश (तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर) पाव मिलिमीटर अंतरावरील दोन बारीक फटींवर टाकला, तर दोन मीटर अंतरावरील भिंतीवर सुमारे पाच-पाच मिलिमीटरांवर पट्टे दिसतात. हातातील मोजपट्टीने प्रकाशाची तरंगलांबी मोजता यावी, यासारखा दुसरा आनंद या अभ्यासक्रमात नाही.

काळ्या पट्ट्यावरचा प्रकाश गेला कोठे, हा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारतोच. दोन सारखे तरंग एका कलेत आले तर विस्तार दुप्पट होतो, आणि तेजस्विता विस्ताराच्या वर्गावर अवलंबून असल्याने चौपट होते. विरुद्ध कलेत आले तर ती शून्य होते. चौपट व शून्य यांची सरासरी दुप्पट, म्हणजे दोन फटींतून जितकी ऊर्जा आली तितकीच. नाश झाला नाही, वाटणी बदलली. आणि दोन निरनिराळे दिवे लावल्यास असे पट्टे का दिसत नाहीत? कारण त्यांच्या कला एकमेकींशी बांधलेल्या नसतात, क्षणोक्षणी स्वैर बदलतात, व डोळ्यास केवळ सरासरी दिसते. झोपाळ्यापाशी भेटलेली 'कला' येथे निर्णायक ठरते, ती अशी.

१८१८ साली फ्रेनेल यांनी पॅरिसच्या अकादमीस तरंगवादी निबंध सादर केला. परीक्षकांपैकी प्वासाँ कणवादी होते. या उपपत्तीप्रमाणे वाटोळ्या चकतीच्या छायेच्या मध्यभागी प्रकाशाचा ठिपका दिसावयास हवा, आणि हे हास्यास्पद आहे, असा त्यांनी दोष काढला. आरागो यांनी प्रयोग करून पाहिला. ठिपका तेथे होता. फ्रेनेल यांस पारितोषिक मिळाले. खंडन करण्यासाठी काढलेला निष्कर्ष मंडनाचा पुरावा ठरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात विरळा.

प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना दिशा बदलतो, त्यास मराठीत 'वक्रीभवन', 'अपवर्तन' व 'प्रणमन' अशी तीन नावे प्रचारात आहेत. 'वक्रीभवन' शब्दाने किरण कमानीसारखा वाकत असल्याचा भास होतो. वस्तुतः तो पृष्ठभागाशी एकदम मोडतो. कारण समजावून देण्यास दिंडीचे उदाहरण पुरे. हातात हात घालून रांगेने चालणारे वारकरी सडकेवरून तिरकस दिशेने नांगरलेल्या शेतात शिरले, तर ज्यांचे पाय आधी मातीत पडतात ते मंदावतात, उरलेले सडकेवर पूर्वीच्याच वेगाने चालतात, आणि सबंध रांगच वळते. प्रकाशाचा वेग पाण्यात हवेतील वेगाच्या सुमारे तीनचतुर्थांश होतो. १८५० साली फूको यांनी पाण्यात प्रकाश मंदावतो हे प्रत्यक्ष मोजून दाखविले. कणवादाचे भाकीत नेमके उलटे होते. पुढे मॅक्सवेल यांनी प्रकाश हा विद्युत्चुंबकीय तरंग आहे हे गणिताने मांडले, व "हलते काय?" या प्रश्नास उत्तर मिळाले: हलतात ती विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे, त्यांस द्रव्याचे माध्यम लागत नाही.

पुन्हा रामन, आणि पुन्हा इंदूर

ज्या १९२१ साली रामन यांचा तंतुवाद्यांवरील निबंध निघाला, त्याच वर्षी विलायतेहून परतताना समुद्राची निळाई पाहून ती कोठून येते असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. आकाश निळे दिसते, कारण हवेचे रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतात. तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात हे घडत असल्याने जांभळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे नऊपट विखुरला जातो. समुद्राची निळाई ही आकाशाचे केवळ प्रतिबिंब नव्हे, पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, असे रामन यांनी दाखविले. याच शोधाच्या वाटेवर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस असे आढळले, की विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग आपली मूळ कंप्रता बदलून येतो. रेणूतील अणू स्प्रिंगेने जोडल्यासारखे स्वतःच्या कंप्रतेने कंप पावत असतात, आणि विखुरलेल्या प्रकाशात त्या कंप्रतेची बेरीज-वजाबाकी होते. म्हणजे प्रकाशाच्या या बदलावरून रेणूचा 'स्वर' ओळखता येतो. या शोधास १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोलन, तरंग, प्रकाश, आणि प्रकाशातून पुन्हा दोलन: अभ्यासक्रमाचे वर्तुळ रामन यांच्या आयुष्यक्रमात असे पूर्ण झाले आहे.

इंदूरकरांस हे वर्तुळ स्वतःच्या गावातही पाहावयास मिळते. १९८४ साली येथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. लेसर व कणत्वरक ही त्याची मुख्य क्षेत्रे. २००५ साली त्यास राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. हे अणुशास्त्रज्ञ स्वतः पियानोवादक होते व राग आणि पाश्चात्त्य संगीत यांच्या रचनेवर त्यांनी पुस्तक लिहिले आहे. केंद्रातील 'इंडस-१' हा भारतातील पहिला सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोत १९९९ साली कार्यान्वित झाला. 'इंडस-२' या त्यानंतरच्या, सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेले जातात. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलेले हे इलेक्ट्रॉन चुंबकाने वळविले असता क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश बाहेर टाकतात. मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाएवढी तरंगलांबी असलेले हे तरंग स्फटिकातील अणूंच्या रांगांवरून विवर्तित होतात, आणि त्या आकृतीवरून अणूंची मांडणी कळते. यंग यांच्या दोन फटींचेच हे विस्तारलेले रूप होय. नगरीच्या एका भागात तंबोरा मिळविला जातो व दुसऱ्या भागात अणूंच्या रांगा मोजल्या जातात. दोन्हीकडे तत्त्व एकच.

अध्यापकांचे कर्तव्य

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. पदार्थविज्ञानाची भाषा गणित आहे. मराठी, हिंदी वा इंग्रजी हे केवळ बाह्य वेष्टन, मग त्यावर इतका काथ्याकूट कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. विस्तार दुप्पट झाला की तेजस्विता चौपट होते, हे शब्दांच्या चातुर्याने सिद्ध होत नाही. परंतु गणित हे कल्पनेचे माप आहे, कल्पना नव्हे. कोणती राशी हलते, कोणती स्थिर आहे, कोणती अट गृहीत आहे, हे समीकरण मांडण्यापूर्वी ठरवावे लागते, व ते ठरते बोलीत. महाविद्यालयातील इंग्रजी बदलावी, असे आमचे म्हणणे नाही. मराठी घरातील विद्यार्थ्यास हाच विचार आपल्या भाषेत मांडता यावा, एवढेच म्हणणे आहे. ज्यास तो मांडता येतो त्याची इंग्रजीतील समजही पक्की होते. ज्यास येत नाही, त्याची दोन्हीकडे पोकळ राहते.

यासाठी नवे शब्द घडविण्याची निकड आम्हांस वाटत नाही. आहेत त्या शब्दांत एकवाक्यता व त्यांमागील विवेक यांची निकड आहे. एका पुस्तकात 'वारंवारता', दुसऱ्यात 'कंप्रता', तिसऱ्यात 'आवृत्ती' वाचणारा विद्यार्थी या तीन वेगळ्या राशी समजला, तर दोष त्याचा नव्हे. इंदुरास तर हिंदी पाठ्यपुस्तकातील शब्दही शेजारी उभा असतो. अध्यापकाने प्रथम वस्तू दाखवावी, मग तिचे वर्णन साध्या मराठीत करावे, आणि शेवटी पारिभाषिक शब्द द्यावा. त्याचे इंग्रजी व हिंदी पर्याय त्याच वेळी सांगावेत. साहित्यसंस्थांनी आपल्या व्याख्यानमालांत वर्षातून एखादे तरी व्याख्यान अशा विषयास द्यावे, व त्या व्याख्यानात तंबोरा, पाण्याचे घंगाळ आणि लेसरची कांडी प्रत्यक्ष ठेवावी. यास खर्च थोडा येतो. श्रम मात्र विषय स्वतः नीट समजून घेण्याचे पडतात.

मराठीत गानविद्येवर विपुल लिहिले गेले आहे. ज्या तारेवर इतके लिहिले, ती तार कंप पावते म्हणजे काय होते, हेही त्याच भाषेत नीट सांगता आले पाहिजे. त्यासाठी लागणारे शब्द आपणांपाशी आहेत, उदाहरणे घरात आहेत, आणि ऐकणारे विद्यार्थी वर्गात बसलेले आहेत.